निखळलेला दात अजून जिवंत असतो

चेंडू लागून, सायकलवरून पडून किंवा बाकाच्या कडेवर आपटून एखाद्या मुलाचा पुढचा दात मुळासकट निखळतो, तेव्हा जवळची माणसं बहुतेक वेळा तेच करतात जे कोणीही शहाणा माणूस करेल. दात उचलतात, मातीने माखलेला म्हणून नळाखाली धरून खसखसून धुतात, स्वच्छ रुमालात गुंडाळतात आणि खिशात जपून ठेवतात. मग रक्त थांबवणं, आई-वडिलांना फोन करणं, डॉक्टर शोधणं. या सगळ्यात कुठेही हयगय नसते. तरीही दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचेस्तोवर तो दात बऱ्याचदा मेलेला असतो. त्याला अपघाताने मारलेलं नसतं. त्याला घासण्याने आणि कोरड्या रुमालाने मारलेलं असतं.

म्हणजे निखळून हातात आला तेव्हा तो जिवंत होता? होता. त्याच्यात नेमकं काय जिवंत होतं, हे कळलं की दाताच्या अपघातात आणि दुखण्यात काय करावं, काय करू नये, याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

दगड आणि त्याभोवतीचा जीव

दाताचा जो पांढरा भाग आपण आरशात पाहतो, तो खरोखरच निर्जीव असतो. एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याला घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून जातात, म्हणून एनॅमलचा टवका उडाला तर तो पुन्हा कधीच भरून येत नाही. पण त्याच्या आत डेंटिन आहे आणि डेंटिनमध्ये एक ते अडीच मायक्रॉन रुंदीच्या, द्रवाने भरलेल्या नळ्या आहेत. गाभ्याजवळ त्यांची दाटी एवढी, की एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ हजार मावतात. त्याही आत पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा.

सगळ्यात नवलाची गोष्ट मात्र दाताच्या बाहेर आहे, मुळाच्या भोवती. दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते, आणि त्या फटीत हजारो तंतू एका टोकाने मुळात, दुसऱ्या टोकाने हाडात रुतलेले असतात. पाळण्याच्या दोऱ्यांनी बाळ तोलून धरावं तसा प्रत्येक दात या तंतूंनी तोलून धरलेला असतो. या पडद्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. भाकरीचा घास चावताना दात हाडावर आदळत नाही तो यामुळे. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला, की आपल्याला कळायच्या आत जबडा थांबतो, तोही याच पडद्यातल्या दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंमुळे. तार लावून वाकडे दात सरकवता येतात, कारण हा पडदा स्वतःला सतत मोडत आणि नव्याने विणत असतो.

त्याचं आणखी एक काम आहे आणि ते तो निमूटपणे करतो. आपल्या सांगाड्याची आयुष्यभर डागडुजी चालू असते. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं घालतात. दाताचं मूळ हे हाडाच्या इतक्या जवळ, घडणीने हाडासारखंच; तरी हाडखाऊ पेशी त्याला हात लावत नाहीत. कारण मध्ये हा जिवंत पडदा पहाऱ्याला असतो. पहारा उठला, तर शरीर मुळाला हाडच समजतं आणि हळूहळू खाऊन त्या जागी हाड भरू लागतं. दात बाहेरून छान दिसतो, हलतही नाही, पण आत वर्षागणिक त्याचं मूळ नाहीसं होत जातं. वाढत्या वयाच्या मुलात तर जबडा वाढतो आणि हाडाला चिकटलेला तो दात शेजाऱ्यांच्या मागे, आखूड राहतो.

दात निखळतो तेव्हा हा पडदा मध्येच फाटतो. अर्धा खाचेत राहतो, अर्धा मुळावर. मुळावर जो पातळ, ओलसर, जेमतेम दिसणारा थर असतो, तोच वाचवायचा असतो. नळाखाली बोटांनी घासलं की निघून जातो तोही तोच.

अर्ध्या तासाची गोष्ट

पडलेला दात परत बसवायची कल्पना जुनी आहे. दहाव्या शतकात कॉर्दोबाच्या परिसरात शस्त्रक्रिया करणाऱ्या अल्-झहरावी यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याबद्दल आणि निखळलेला दात पुन्हा बसवण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने तर माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने जपला आहे. पण काही दात रुजतात आणि काही का रुजत नाहीत, हे कोडं विसाव्या शतकापर्यंत कोणालाच नीट सुटलं नव्हतं.

ते सोडवण्यात मोठा वाटा आहे कोपनहेगनच्या येन्स ऊवे आंद्रेआसेन यांचा. १९६६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अपघातात निखळून पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत जागेवर गेलेल्या दातांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये, दोन किंवा अधिक वर्षांनंतरही, मूळ झिजल्याची खूण नव्हती. दोन तासांहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या दातांमध्ये मात्र ९५ टक्के मुळं झिजू लागली होती. एवढा फरक! आणि तो कुणाच्या हातगुणाचा नव्हता, घड्याळाचा होता.

पुढे आणखी एक बारकावा कळला. घड्याळाइतकंच महत्त्व होतं दात त्या वेळात कशात राहिला याला. कोरड्या हवेत मुळावरच्या बहुतेक पेशी अर्ध्या तासात मरतात. मग ओलं ठेवायचं तर पाण्यात का नको? कारण पेशीच्या आत क्षार असतात आणि साध्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. असा फरक असला की पाणी पेशीत घुसत राहतं, ती फुगते आणि फुटते. म्हणजे स्वच्छ पाण्याचा पेला त्या पेशींना बुडवूनच मारतो. पेशीला हवा तिच्या स्वतःच्या इतक्याच क्षारांचा, आम्ल नसलेला, फारसे जंतू नसलेला द्रव. असा द्रव प्रयोगशाळेत तयार करून मिळतो. पण शाळेच्या मैदानाजवळ तो कोण ठेवणार?

१९८० च्या आसपास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लार्स ब्लोमलॉफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या द्रवांत या पेशी ठेवून पाहिल्या. त्यातून पुढे आलेलं उत्तर स्वयंपाकघरात होतं: दूध. दुधातल्या विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण आपल्या पेशींच्या बरंच जवळ जातं, ते जवळजवळ उदासीन असतं, आणि पाश्चराइज केलेल्या दुधात जंतू कमी असतात. गार दुधात ठेवलेल्या मुळावरच्या पेशी काही तास तग धरतात. वासराच्या पोटासाठी बनलेला द्रव माणसाच्या दाताच्या मुळाला सांभाळतो, यात कसलीही योजना नाही. सस्तन प्राण्यांच्या शरीरातले क्षारांचे हिशोब एकमेकांशी जुळतात, एवढंच. पण आपल्यासाठी हा योगायोग फार मोलाचा आहे. आपल्याकडे रात्री अकरा वाजताही चहाच्या टपरीवर दुधाची पिशवी सापडते.

मात्र दूध साधं आणि गार हवं. तापलेलं नको, साखर घातलेलं नको, आणि दही-ताक तर मुळीच नको, कारण ते आंबट. शहाळ्याच्या पाण्यावरही संशोधन झालं आहे. चेन्नईच्या संशोधकांनी २००८ मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष मांडले, पण त्याची आम्लता पेशींना मानवत नाही असं म्हणणारे अभ्यासही आहेत. दंत-अपघातांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दूध, ते प्रयोगशाळेतलं द्रावण, लाळ आणि सलाइन यांची नावं आहेत, शहाळ्याचं नाही. तेव्हा कोकणातही धाव दुधाकडेच घ्यावी.

हात काय करतील

एवढं समजल्यावर कृती सोपी होते. आधी मुलाकडे बघा. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध झाला असेल, उलटी करत असेल, गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर दात दुय्यम, थेट रुग्णालय.

तसं नसेल तर दात शोधा. तो पांढऱ्या बाजूने धरा. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच खंगाळा. दोन्ही नसेल तर नळाच्या गार पाण्याखाली काही क्षण, न घासता. आणि मग, ऐकायला धाडसाचं वाटलं तरी, सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याची स्वतःची खाच. गुळगुळीत दर्शनी बाजू ओठाकडे ठेवून दात हलक्या दाबाने खाचेत सरकवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरून ठेवायला सांगा. थोडा तिरपा बसला तरी घाबरू नका. तो नीट करणं दंतवैद्याचं काम.

हे जमत नसेल, मूल फार घाबरलं असेल, तर दात दुधात टाका आणि निघा. दूध नसेल तर मुलालाच वाटीत थुंकायला सांगून त्याच्या लाळेत दात ठेवा. लाळ दुधाइतकी चांगली नाही, पण कोरड्या रुमालापेक्षा बरीच बरी. काहीच नसेल तर पाणी; तेही कोरडं पडण्यापेक्षा बरं.

यात एक मोठा अपवाद आहे. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळापाशी हाडात पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो, त्याला धक्का बसू शकतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचाच असतो. सातव्या-आठव्या वर्षी पुढचे पक्के आलेले असतात, आणि पक्के दात निखळण्याचं प्रमाण नेमकं त्या वयात जास्त. शंका असेल तर बसवू नका, दुधात घालून न्या. मुलावर केमोथेरपीसारखे उपचार चालू असतील किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, तरीही बसवायचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

पुढचं काम दवाखान्यातलं. शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतात. घट्ट जखडत नाहीत, कारण त्या तंतूंना जुळून येण्यासाठी थोडी हालचाल लागते. धनुर्वाताच्या लशीची चौकशी होते. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनाल करावं लागतं. पण लहान मुलाच्या अर्धवट वाढलेल्या, टोकाला उघड्या मुळात कधी कधी रक्तवाहिन्या नव्याने शिरतात आणि मेलेला गाभा पुन्हा जिवंत होतो.

वेळ गेला म्हणून दात फेकून मात्र देऊ नका. उशिरा बसवलेला दात कायमचा टिकला नाही, तरी काही वर्षं तो जागा राखतो आणि जबड्याचं हाड खचू देत नाही. नुसता तुकडा पडला असेल तर तोही ओला ठेवून न्या. बऱ्याचदा तोच चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल तर सुजलेल्या ओठात रुतलाय का, हे बघायला सांगा. आणि मूल खोकत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता धरून तातडीने रुग्णालय गाठा.

दाढ रात्रीच का ठणकते

अपघात रोज होत नाहीत, दाढदुखी मात्र घरोघरी. आणि ती नेमकी रात्री उसळते. यामागेही दाताची घडणच आहे. बोट सुजलं तर त्वचा ताणते, सुजेला जागा मिळते. पल्प चारही बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला. कीड आत पोहोचून गाभ्याला दाह झाला, की रक्ताचा ओघ वाढतो आणि आतला दाब चढतो, पण फुगायला जागा नसते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब आणखी वाढतो, म्हणून प्रत्येक ठोका दाढेत जाणवतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं तर थोडा आराम पडतो, तो एवढ्याच साध्या कारणाने.

गार पाण्याच्या घोटाने निघणारी कळही अशीच. पाण्याचा गारवा डेंटिनच्या त्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलवतो आणि ती हालचाल आतल्या मज्जातंतूंना झोंबते. कळ क्षणात गेली तर गाभा अजून सावरू शकतो. मिनिटभर रेंगाळली किंवा आपोआप उठू लागली, तर त्याची वेळ भरत आली आहे.

रात्र काढायची तर आधी कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि दोरा फिरवून बघा. दोन दाढांत अडकलेली पेरूची बी किंवा मटणाचा तंतूही माणसाला रडवतो. लवंग हा आजीचा उपाय पोकळ नाही. तिच्यातलं युजेनॉल मज्जातंतूंचे संदेश खरोखरच दाबतं आणि दंतवैद्यही ते तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. पण लवंगेचं तेल निव्वळ, भरभरून लावलं तर हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर यकृताला विष. कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, मोठ्या माणसालाच. मिश्री लावून दाढ बधिर करायची सवय मात्र सोडावी. ती तंबाखू आहे, दुखणं जातं आणि व्यसन राहतं. अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी गालात धरणाऱ्यांची हिरडी पांढरी पडून सोलवटते, कारण ते आम्ल आहे. गोळी पोटातूनच काम करते.

गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेत, दातदुखीवर चांगलं काम करतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलमधून आणलेला अँटिबायोटिकचा कोर्स कोंडलेल्या गाभ्याची कळ थांबवत नाही. दुखणं दाबामुळे आहे, आणि दाब उतरायला दंतवैद्यालाच दात उघडावा लागतो.

कळ कुठल्या दाढेतून येते हे सांगता येत नाही, याचं नवल वाटू देऊ नका. वरचे दात, खालचे दात, कानाचा आणि कानशिलाचा काही भाग, या सगळ्यांच्या बातम्या एकाच मोठ्या मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जातात आणि मेंदूची गल्लत होते. गंमत म्हणजे ही गल्लत चेहऱ्याची मधली रेघ सहसा ओलांडत नाही. पण जबड्यात येणारी प्रत्येक कळ दाताची नसते. चालताना, जिने चढताना जबडा दुखतोय, सोबत घाम, छातीवर दडपण किंवा धाप आहे, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. लवंग शोधू नका, १०८ ला फोन करा.

सूज कुठे उतरते

पू हाडातून वाट काढत बाहेर येतो तेव्हा पुष्कळदा दुखणं एकदम कमी होतं. माणूस सुटकेचा श्वास सोडतो, आणि धोका तिथूनच सुरू होऊ शकतो. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एक स्नायू तोंडाचा तळ धरून असतो. पुढच्या दातांची मुळं साधारण त्याच्या वर संपतात. शेवटच्या दोन दाढांची मुळं, अक्कलदाढेसह, त्याच्या खाली पोहोचतात. म्हणून तिथला पू तोंडात न येता गळ्याकडे उतरू शकतो. जिभेखालची आणि हनुवटीखालची जागा दोन्हीकडून कडक सुजली की जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जर्मनीतल्या विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला राहिलं.

तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा झाला, ताप आहे, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकते आहे: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. साध्या सुजेवरही बाहेरून गरम शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, थांबून थांबून.

दाढ काढून आल्यावर रक्त पुन्हा सुरू झालं तर वेगळीच चूक होते. माणूस चुळा भरत आणि थुंकत राहतो. खाचेत साखळलेली रक्ताची गुठळी ही घाण नव्हे. पुढे त्याच जागी हाड तयार होणार असतं. चूळ भरली की ती सुटते आणि रक्त पुन्हा वाहतं. स्वच्छ गॉझची घडी खाचेवर ठेवून वीस-तीस मिनिटं, मध्ये उघडून न बघता, दाबून धरा. तरी थांबलं नाही, तर दवाखाना.

या सगळ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घासून धुणं, कोरडं करणं, शेकणं, चूळ भरणं, हे आपले हात ज्याला सवयीने उपचार समजतात, ते दाताभोवतीच्या जिवंत पेशींना बऱ्याचदा मानवत नाही. आणि निखळलेल्या दाताच्या बाबतीत निकाल ठरवणारी पहिली तीस मिनिटं जगातल्या कुठल्याही दंतवैद्याच्या हातात नसतात. ती असतात पी.टी.च्या सरांच्या, रिक्षावाल्या काकांच्या, खेळात सोबत असलेल्या दहा वर्षांच्या मैत्रिणीच्या हातात. त्यामुळे शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर एवढं तरी लिहून ठेवावं: पक्का दात पडला, तर मुळाला हात लावू नका, घासू नका, जागेवर बसवा किंवा गार दुधात घाला, आणि लगेच निघा.